मूळचे कुठले?

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या मागचं चेंबर तुंबलं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या जुन्या इमारतींना हे नवं नाही. तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीत पाणी उलटं यायला लागलं, मग वर्गणी निघाली, मग प्लंबर आला. त्यानं झाकण उचललं, लांब सळईनं आत ढोसून पाहिलं, सळईच्या टोकाला आकडा लावला आणि पाय रोवून ओढायला लागला. आतून काहीतरी हळूहळू सरकत येत होतं. आधी वाटलं, कुणीतरी पोतं टाकलं असेल. पूर्ण बाहेर आलं तेव्हा फरशीवर चार फूट लांब, मनगटाहून जाड, तपकिरी रंगाची एक वेणी पडली होती. सगळी मुळंच. पाइपात वाढता वाढता ती पाइपाच्याच आकाराची झाली होती, नारळाच्या काथ्यासारखी गच्च.

"उंबर," प्लंबर म्हणाला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीपलीकडे आमचा उंबर आहे. चेंबरपासून तीस-पस्तीस फुटांवर तरी असेल.

जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, झाडानं पाइप फोडला. प्लंबरनं मान हलवली. "नाही हो. पाइपाचा जोड आधीच गळत असणार. चांगल्या जोडातून मूळ शिरत नाही. जोड गळतो, मग मूळ येतं, मग ते जाड होतं आणि जोड आणखी उघडतो." त्यानं खणून दाखवलं. भाजक्या मातीचा जुना पाइप, दोन तुकड्यांच्या जोडावरचं सिमेंट झडलेलं, आणि तिथून पेन्सिलीएवढं एकच मूळ आत गेलेलं. बाहेर एक, आत हजार.

मी त्या वेणीचा हातभर तुकडा घरी आणला आणि बादलीत धुतला. घाण निघून गेल्यावर खालची मुळं दिसायला लागली. जाड फांद्यांवर बारीक फांद्या, त्यांवर दोऱ्यासारखी, त्यांवर केसासारखी, आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर फिकट पिवळसर भाग. तेवढाच लांबीनं वाढणारा, तेवढाच पुढे सरकणारा. बाकी सगळं मूळ म्हणजे ते टोक कुठून कुठून गेलं त्याची खूण. मी चष्मा लावून बराच वेळ ती टोकं बघत बसले. झाडापासून तीस फुटांवरच्या एका बारीक भेगेत हे टोक पोचलं कसं, हा प्रश्न मग डोक्यातून जाईना.

मुंबईत ओळख झाली की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो. मूळचे कुठले? आमचं उत्तरही ठरलेलं आहे, देवरुखकडचे. वडील तिथून आले, लालबागला चाळीत राहिले, गिरणीत साच्यावर कामाला लागले. मी स्वतः त्या गावात सलग महिनाभरही राहिलेली नाही, तरी विचारलं की तोंडातून देवरुखच येतं. आपल्या भाषेत मूळ हे नेहमी मागे असतं. मुळात असं होतं, मूळ किंमत, मूळ पुरुष, मुळावर घाव. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, तेही मागे वळून बघण्याबद्दलच. एकदा पक्कं झालेलं, जिथून सुरुवात झाली ते. बादलीतली ती पिवळी टोकं बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हा शब्द आपण झाडाकडून घेतला खरा, पण घेताना झाडाकडे नीट पाहिलं नाही. झाडाचं मूळ हा त्याचा सगळ्यात पुढे गेलेला भाग आहे. जिथून झाड निघालं ती जागा खोडाच्या बुडाशी कधीच मागे पडलेली असते.

मी माध्यमिक शाळेत तेवीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यात अनुवर्तनाचा, म्हणजे रोप कशाकडे वळतं त्याचा, धडा असायचा. प्रकाशानुवर्ती, गुरुत्वानुवर्ती, जलानुवर्ती, हे शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहिले, व्याख्या सांगितल्या, आकृती काढली. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, दगड खाली पडतो तसं मूळ खाली पडतं का?" मी म्हटलं, नाही, मूळ वाढतं. ती म्हणाली, "मग त्याला खाली कुठे आहे ते सांगतं कोण?" तास संपायला आला होता. मी म्हटलं, गुरुत्वाकर्षण, आणि पुढचा मुद्दा घेतला. त्या उत्तरात काहीच नव्हतं. तिनं 'कोण सांगतं' असं विचारलं होतं आणि मी तिला फक्त एक नाव दिलं. तिचा चेहरा अजून आठवतो. समजल्यासारखी मान हलवून ती खाली बसली होती.

चेंबर साफ झालं त्या रात्री आईनं मटकी भिजत घातली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यातली दहा-बारा काढून घेतली. काचेच्या ग्लासात आतून टिपकागद लावला, मधे ओला कापूस भरला, आणि काच व कागद यांच्यामध्ये एकेक मटकी अडकवली. ग्लास कपाटात ठेवला, म्हणजे उजेडाची भानगड नको. आपण ज्याला मोड म्हणतो ते खरं तर मूळच असतं, बी फुटताना पहिलं बाहेर येणारं. दुसऱ्या दिवशी सगळे मोड बोटाच्या पेराएवढे झाले होते. बी कशीही बसलेली असो, आडवी, उलटी, तिरकी, प्रत्येक मोड वळण घेऊन खालीच गेला होता. मग मी ग्लास आडवा केला. सगळी मुळं जमिनीला समांतर झाली. तीन-चार तासांनी कपाट उघडलं तर प्रत्येक टोक पुन्हा खाली वाकलेलं. मागचा भाग आडवाच, टोकापाशी फक्त कोपर मुडपावं तसं वळण. संध्याकाळी पुन्हा फिरवला, रात्री पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुळांच्या पायऱ्या झाल्या होत्या. मी ग्लास किती वेळा फिरवला ते त्यांच्या अंगावर लिहिलेलं होतं.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये टॉमस नाइट नावाच्या माणसाला नेमका हाच प्रश्न पडला होता. खाली जाणं हे मुळाच्या अंगातच असतं की बाहेरून काही त्याला सांगतं? पृथ्वीची ओढ तर बंद करता येत नाही. मग त्यानं बागेतल्या ओहोळावर पाणचक्की बसवली, तिच्या उभ्या चाकावर घेवड्याच्या जातीच्या बिया बांधल्या आणि चाक मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्यांनी दिवसच्या दिवस फिरत ठेवलं. १८०६ साली त्यानं निकाल मांडला. सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला गेली होती आणि सगळे अंकुर आसाकडे. म्हणजे मुळाला 'पृथ्वी' कळत नाही, 'खाली'ही कळत नाही. आपल्या अंगातलं वजन कोणत्या बाजूला ओढलं जातंय, तेवढंच त्याला कळतं. फिरत्या चाकावर ते वजन बाहेरच्या बाजूला गेलं, म्हणून मूळही बाहेर गेलं.

पण कळतं कुठे? चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी यावर पुष्कळ प्रयोग केले आणि १८८० साली ते मांडले. मुळाचं अगदी टोक कापलं तर मूळ वाढत राहतं, पण आडवं ठेवलं की आडवंच वाढतं. काही दिवसांनी टोक पुन्हा तयार झालं की वळायला लागतं. वाकतो तो भाग टोकाच्या थोडा मागे असतो, पण कुठे वाकायचं ते टोकाला कळलेलं असतं. मला यातला हा भाग फार आवडतो, की जाणीव एका ठिकाणी आणि हालचाल दुसऱ्या ठिकाणी. मधे कुणीतरी निरोप नेला पाहिजे.

टोकावर जी मूलटोपी असते तिच्या मधोमध काही खास पेशी असतात. त्यांच्यात स्टार्चनं भरलेले जड कण असतात. पोळी लाटताना परातीत जे पीठ घेतो, त्याच जातीचा पदार्थ. मूळ सरळ खाली असलं की हे कण पेशीच्या तळाशी बसलेले असतात. मूळ आडवं झालं की काही मिनिटांतच ते घरंगळून नव्या तळाशी येतात, पूर्वी जी बाजूची भिंत होती तिच्यावर. या पडण्यावरूनच मुळाला खाली कुठे ते कळतं, ही कल्पना हाबरलांट आणि नेमेक या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०० साली स्वतंत्रपणे मांडली. कण पडल्याचं पेशीला समजतं कसं, हे मात्र त्यानंतर शंभरेक वर्षं नीट उलगडलं नव्हतं. २०२३ मध्ये चीन आणि जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की या कणांच्या पृष्ठभागावर एका जातीची प्रथिनं बसलेली असतात. कण घरंगळले की ती प्रथिनं शेजारच्या पडद्यावर उतरतात आणि तिथून ऑक्झिन या संप्रेरकाचा प्रवाह खालच्या बाजूला वळवतात. मुळात ऑक्झिन जास्त झालं की पेशींचं लांब होणं मंदावतं. खालची बाजू कमी ताणली जाते, वरची जास्त, आणि मूळ खाली वाकतं.

त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं. खाली कुठे आहे ते सांगतं कोण? मुळाच्या टोकात पिठाचे काही कण आहेत, ते पडतात. दगड पडतो तसेच. तिचा प्रश्न दगडापासून सुरू झाला होता आणि उत्तर तिच्या प्रश्नाच्या किती जवळ होतं! पडतो तो दगड मुळाच्या आत आहे, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

पण उंबराचं मूळ पाइपाकडे गेलं ते काही नुसतं वजनानं नाही. ते तर आडवं आलं होतं.

आई मोड काढायला बऱ्याचदा फडक्याऐवजी पिठाची जुनी चाळणी वापरते. भिजलेली मटकी चाळणीत पसरते, वरून ओलं फडकं घालते आणि चाळणी पातेल्यावर ठेवते. तिची एक जुनी तक्रार आहे. डिसेंबर-जानेवारीत मटकी चाळणीतून सोडवताना मोड तुटतात, पावसाळ्यात तुटत नाहीत. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. यंदा तिला नीट विचारलं तर म्हणाली, "थंडीत मोड भोकातून खाली निघतात आणि चाळणीला खालून चिकटून बसतात, वळून. पावसात सरळ लोंबतात." १८७२ साली यूलिउस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं केलेला प्रयोग अगदी हाच. चाळणीत ओला भुसा, त्यात बिया, चाळणी तिरकी टांगलेली. मुळं भोकांतून खाली आली, आणि बाहेरच्या कोरड्या हवेत पोचताच वजनाची ओढ बाजूला ठेवून परत ओल्या भुशाकडे वळली. हवा दमट असली तर वळली नाहीत. माझी आई चौथी शिकली आहे. तिनं हे आयुष्यभर बघितलंय.

ओल कळणं ही मुळाची वेगळी जाण आहे. २००७ मध्ये जपानी संशोधकांना एका छोट्या रोपात असं जनुक सापडलं की ते बिघडलं तर मूळ खाली नीट जातं, पण ओलीकडे वळायचं विसरतं. पाण्याला जपानीत मिझु म्हणतात, त्यावरून त्या जनुकाला त्यांनी मिझ हे नाव दिलं. पुढे २०१४ साली आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला त्याहून मोठी वाटते. मुळाची एक बाजू ओल्या मातीला आणि दुसरी कोरड्या हवेला लागली असेल, तर उपमुळं फुटतात ती ओल्या बाजूनं. मूळ म्हणजे एखाद-दोन मिलिमीटरची जाडी. तेवढ्यात इकडची बाजू ओली आणि तिकडची कोरडी, हे त्याला समजतं.

आणि हेच नीट समजून घ्यायला हवं. मुळाला समजतं ते एवढंच, आपल्या जाडीपुरतं. तीस फुटांवरच्या गळक्या जोडाचा वास उंबराला लागला नव्हता. मला आधी तसं वाटत होतं, कारण गोष्ट शेवटाकडून पाहिली तर तसंच वाटतं. झाड तिथे, पाइप इथे, मधे एक मूळ. जणू ठरवून आलं. खरं तर उंबराची मुळं सगळीकडे गेलेली असणार. टाकीच्या पायाखाली, कंपाउंडच्या भिंतीकडे, पार्किंगच्या फरशीखाली, तुळशीच्या कट्ट्याकडे. प्रत्येक टोक आपापल्या जागी तपासत पुढे जात होतं. वजन कुठे, ओल कुठे, समोर काही कठीण लागतंय का. कठीण लागलं की टोक त्याच्यावर घासत, कडेकडेनं सरकत जातं आणि कडा संपली की पुन्हा खाली वळतं. त्यातलं एखादं टोक जोडातून झिरपणाऱ्या ओलीच्या कडेला लागलं. मग ते ओलीच्या बाजूला वळलं, त्या बाजूनं त्याला फांद्या फुटल्या, झाडाकडून त्याच मुळाला जास्त अन्न येऊ लागलं, ते जाड झालं. बाकीची पुष्कळशी टोकं कुठे थांबली, वाळली, कुजली, ते आपल्याला दिसत नाही. आपण खणतो तेव्हा पोचलेलं मूळच हाताला लागतं आणि आपण म्हणतो, बघा, कसं बरोबर आलं.

हे लक्षात आलं त्या दिवशी मला आमच्या घरातली गोष्ट आठवली. वडील गावातून मुंबईला आले, ही ती गोष्ट. लहानपणापासून इतकी ऐकली आहे की जणू एसटीत बसतानाच त्यांना लालबागची चाळ ठाऊक होती. पण त्या घरातून चौघं निघाले होते. थोरले काका आधी आले होते, सहा महिन्यांत परत गेले. त्यांना इथली हवा सोसली नाही. एक चुलते पुण्याला गेले आणि पुढे कोल्हापूरकडे. सगळ्यात धाकटे वडिलांच्या मागोमाग मुंबईला आले, गोदीत लागले, आणि दोन वर्षांत कावीळ होऊन गेले. त्यांचा फोटोसुद्धा नाही. आमच्या घरात वडिलांची गोष्ट सांगितली जाते, कारण सांगायला आम्ही इथे आहोत.

वडिलांची वाट तरी कुठे सरळ होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. त्यांनी भाजी विकली, एका गोदामात वजनकाट्यावर बसले, मग विक्रोळीच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि त्या पाठोपाठ आम्ही इकडे आलो. गावी परत जाऊ, असं त्या काळात घरात दर महिन्याला बोललं जायचं. दर वेळी काहीतरी थोडं पुढचं लागायचं, माझी शाळा, आईला मिळालेलं पोळ्यांचं काम, आणि तेवढ्यापुरतं ते थांबायचे. त्यांनी कधी ठरवलं की आता मुंबईच? मी एकदा विचारलं होतं. बराच वेळ विचार करून म्हणाले, "असं कधी ठरवलं नाही ग." तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. माणसाचं आयुष्य मुळाला चिकटवू नये, माणसाला मन असतं, आठवण असते, भीती असते. पण वडिलांच्या त्या उत्तरावर आता माझा पूर्ण विश्वास आहे.

कन्नमवार नगरातून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची रांग आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक आले. ज्यांनी कुणी ते काम केलं त्यांनी खोडाभोवती तळहाताएवढी मातीही सोडली नाही. एका बाजूनं केबलसाठी चर खणले, तेव्हा मांडीएवढी मुळं सरळ तोडून टाकली. मग पहिल्या जोरदार पावसात एखादं झाड आडवं होतं आणि बघणारे म्हणतात, मुळंच कमकुवत. मला याचा मनापासून राग येतो. पडलेल्या झाडाखालची माती बघा. मुळांचा पसारा थाळीसारखा चपटा असतो, वरच्यावर. ती मुळं खाली का गेली नाहीत, याचं एक उत्तर आता मिळालेलं आहे. २०२१ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपिन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. मूळ सतत इथिलीन नावाचा वायू थोडा थोडा सोडत असतं, केळी पिकवणारा वायू तोच. भुसभुशीत मातीत तो पोकळ्यांतून निघून जातो. दाबून घट्ट झालेल्या मातीत पोकळ्या उरत नाहीत, वायू मुळाभोवतीच कोंडतो, आणि कोंडला की मूळ लांब व्हायचं थांबतं, फुगतं. आजवर सगळ्यांना वाटायचं की घट्ट माती मुळाला भेदताच येत नाही. पण ज्या रोपांना इथिलीनची जाणीवच नव्हती, त्यांची मुळं त्याच घट्ट मातीत शिरली. ताकद होती. आपल्याच श्वासासारखं काहीतरी परत येऊन थडकलं, म्हणून मूळ थांबलं.

रोडरोलर फिरवून, वर सिमेंट ओतून आपण झाडाला हेच सांगतो की इथे थांब. आणि ते थांबतं. मग ते पडतं तेव्हा दोष मुळांचा कसा?

त्याच रस्त्यानं आणखी पुढे गेलं की तिवरं लागतात. भरती उतरल्यावर गेलात तर चिखलातून हजारो काळसर काटक्या वर आलेल्या दिसतात, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा. ती तिवराची मुळं आहेत, आणि ती वर वाढतात. खाडीच्या चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची मुख्य मुळं चिखलात आडवी पसरतात, त्यांच्यापासून काही खाली जाऊन रोप धरून ठेवतात आणि काही सरळ वर येऊन हवा घेतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. एकाच झाडाची तीन मुळं, तीन दिशांना. वजन तिघांनाही सारखंच कळत असणार. पण कळलेल्याचं काय करायचं, ते प्रत्येकाचं वेगळं. सोटमूळ त्याचा सरळ पाठपुरावा करतं, उपमुळं कोन धरून तिरकी जातात, आणि तिवराचं श्वासमूळ त्याच्याकडे पाठ फिरवतं.

हा कोन जन्मतः थोडाफार ठरलेला असतो, हेही दिसलेलं आहे. भाताच्या एका पारंपरिक, डोंगरउताराच्या जातीतून जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये मुळं खोल नेणारं एक जनुक शोधलं आणि ते आयआर-६४ या उथळ मुळांच्या जातीत आणलं. त्या भाताची मुळं जास्त खोल गेली आणि पाण्याचा ताण पडला तेव्हा पीक टिकलं. वडील गावच्या वरकस जमिनीतल्या जुन्या भाताबद्दल सांगायचे, उपटायला दोन माणसं लागायची म्हणून. मला ती अतिशयोक्ती वाटायची. आता विचारायला ते नाहीत.

जूनमध्ये प्लंबरनं तो जोड बदलला. नवा पीव्हीसी पाइप घातला, रबराची रिंग बसवली, भोवती वाळू भरली. जाताना म्हणाला, आता दहा वर्षं बघायला नको. ते बाहेरचं पेन्सिलीएवढं मूळ त्यानं पाइपापाशी कापलं होतं. त्याच्या मागे, कापलेल्या जागेच्या अलीकडे, फांद्या फुटणार हे मला माहीत होतं. कुठे जातील ते माहीत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी गणपतीच्या मंडपासाठी मुलं मागच्या बाजूला खड्डे घेत होती. टाकीपासून दहा-बारा फुटांवर एक खड्डा दोन हात खोल गेला होता आणि पावसानं भिंत ओली होती. मी सहज वाकून पाहिलं. खड्ड्याच्या भिंतीतून, वीतभर खाली, एक पांढरं टोक बाहेर आलं होतं. सुतळीएवढं. पुढच्या टोकाला चिकट टोपी आणि तिला मातीचे चार-पाच कण लागलेले. कुदळीनं माती निघाली तेव्हा ते उघडं पडलं असणार, तुटलं मात्र नव्हतं. हवेत अर्धा इंच बाहेर आलं होतं आणि तेवढ्यातच किंचित खाली, मातीच्या बाजूला, वळायला लागलं होतं.

मुलं बांबू घेऊन आली. मी म्हटलं, इथे नको रे, जरा बाजूला घ्या. एकानं विचारलं, "का बाई?" मी बोट दाखवलं. तो गुडघ्यावर बसून बघत राहिला. मग मागे वळून दुसऱ्याला म्हणाला, "उंबराचं आहे. दत्ताचं झाड आहे, थांब." त्यांनी वीतभर अलीकडे दुसरा खड्डा घेतला, आणि निघालेली ओली माती मी ओंजळीनं पहिल्या खड्ड्यात भरली, आधी त्या टोकाभोवती, सैल हातानं.